पायरीवरच्या चपला

वाचनालयाच्या पायरीवर कुणाच्या चपला आहेत हे बघून आत कोण बसलंय ते मी बाहेरूनच सांगत असे. सोळा वर्षं ती पायरी मी झाडतेय. एका बाजूला टाच झिजलेल्या त्या पाक लुराहच्या, आमच्या गावप्रमुखाच्या. पोटामुळे तो तिरका चालतो. गुलाबी पट्ट्याच्या बू विनारसीच्या, वाचनालयाच्या बाईंच्या. दोन पायांत दोन रंग असले तर शाळेची पोरं. अक्षर मला अजून लावून लावून वाचावं लागतं, पण चपला मी घडाघडा वाचायची. त्याचा मला गर्व होता, हेही सांगून टाकते.

आमचं सिकुलुत नारळाच्या गुळावर जगतं. पुरुष सकाळ-दुपार झाडावर चढून पोयीची, म्हणजे कोवळ्या फुलोऱ्याची, नीरा उतरवतात, बायका ती दिवसभर आटवतात. माझ्या भिंतीला भिंत लागून यू सानियेमचं घर. यू म्हणजे थोरली बहीण. सख्खी नाही, पण पस्तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या चुलीचा धूर खाल्लाय. तिचा नवरा मार्तारेजा वारला तेव्हापासून झाडं जावई तारसुन चढतो. अठ्ठावीस झाडं, दिवसातून दोनदा. कमरेला कोयता, खांद्यावर बांबूची नळकांडी, आणि खोडाला पाडलेल्या खाचांत पायाची बोटं रुतवत तो वर जातो. खोड घासून घासून त्याच्या छातीची कातडी म्हशीच्या खांद्यासारखी झालीय. खाली मुलगी लास्त्री नळकांडी धुते, त्यात चुना घालते, म्हणजे नीरा आंबत नाही. आंबली की गूळ बसत नाही, नुसता चिकट लगदा होतो. म्हणून नीरा घरात आली की आधी कढई चुलीवर, मग बाकीचं जग. मार्तारेजाचं मढं बाहेर ओसरीवर होतं तेव्हाही आत यू सानियेम रडत रडत झारा फिरवत होती.

त्या वर्षी पाऊस दोन महिने लांबला. झाडं नुसती उभी होती. तारसुन वर जायचा, पोयीला चकतीएवढा काप द्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत नळकांड्यात तळ भिजेल इतकीच नीरा जमायची. एवढ्यासाठी पन्नास हात वर चढायचं आणि उतरायचं. त्याच्या मांड्या थरथरायच्या. फक्त पाटाकाठची सात झाडं बरी होती. त्यांच्या मुळाशी ओल होती. अर्धी कढई त्या सातांवर भरायची, आणि घरातली सहा तोंडं त्या कढईवर.

तेवढ्यात मोजणीची बातमी आली. ज्याच्या त्याच्या जमिनीचा पक्का कागद होणार होता. अट एकच, दोन्ही शेजाऱ्यांनी हद्द मान्य करायची. भांडण असेल तो तुकडा न मोजता पुढे जायचं.

पाटापलीकडचा शेजारी समीरुन. तोही झाडं चढणारा. बोलतो कमी, आणि बोलला की जमिनीकडे बघून. तो एका सकाळी यू सानियेमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"यू, मी सही करणार नाही," तो म्हणाला. "ती सात आमची आहेत."

यू सानियेम कढईवर वाकली होती. तिने मान वर केली नाही. "बावीस वर्षं झाली रे समीरुन. तुझी आई गेली, तुझे केस गेले. हे वेड जाईना का?"

"आईने डोळ्यांनी पाहिलं होतं."

"तुझ्या आईने पाहिलं होतं, आणि सगळ्या गावाने काय पाहिलं होतं?" झारा कढईच्या काठावर आपटत ती म्हणाली. "सांग ना. चपला कुणाच्या?"

समीरुनची मान आणखी खाली गेली. तो वळला आणि निघून गेला.

या 'चपला कुणाच्या'ची गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्या रानात जमिनीची हद्द अंदोंगने धरतात. तांबड्या पानांचं झुडूप असतं ते. दोन घरं मिळून एकदा लावतात आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. बावीस वर्षांपूर्वी समीरुनची आई, नीनी म्हणजे आजी दासीरा, ओरडत वाटेवर आली होती, "मार्तारेजाने अंदोंग उपटून आठ पावलं आमच्या बाजूला लावलं, मी स्वयंपाकघरातून पाहिलं!" तो दिवस शुक्रवार, वेळ दुपारच्या नमाजाची. गावातले झाडून सगळे पुरुष मशिदीत होते. आणि मशिदीच्या पायरीवर मार्तारेजाच्या चपला होत्या. टायरच्या, निळ्या पट्ट्याच्या. तो पट्टा यू सानियेमने स्वतः शिवला होता. ती मशिदीशेजारच्या घरी टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, द्यायला जाताना तिने त्या पाहिल्या, पाण्याला गेलेल्या बायकांनी पाहिल्या. मीही पाहिल्या. पंचांपुढे यू सानियेमने शपथ घेतली, की माझा माणूस आत होता, चपला पायरीवर होत्या. माझी साक्षही तीच.

म्हातारी खोटी पडली. तिची नजर गेलीय, मग डोकं गेलंय, असं म्हणता म्हणता लोकांनी तिचं हसं केलं. ती वाटेने दिसली की पोरं ओरडायची, "नीनी, चपला कुणाच्या?" हे पहिल्यांदा यू सानियेमच्या तोंडून निघालं होतं. म्हातारी पुढे पुढे आमच्या वाटेने यायचीच बंद झाली. दुसऱ्या अंगाने, बांधावरून, काटे तुडवत बाजाराला जायची. सहा वर्षांपूर्वी वारली.

समीरुन गेल्यावर यू सानियेमने कढई उतरवली, करवंट्यांत गूळ ओतला, हात पुसले आणि मला म्हणाली, "तिनेम, चल. वाचनालय उघड."

आमचं वाचनालय जुन्या भाताच्या गिरणीत आहे. पुस्तकं तर मिळतातच. शिवाय बू विनारसी म्हाताऱ्यांची पत्रं वाचून दाखवते, अर्ज भरून देते, परदेशी गेलेल्या पोरींशी बोलायला फोन लावून देते. भाजीचं बी उसनं मिळतं. पीक आलं की मूठभर परत आणून द्यायचं. आणि एक कपाट आहे, त्याला आम्ही आवाजांचं कपाट म्हणतो. त्यात म्हाताऱ्या माणसांचं बोलणं भरून ठेवलंय. सुईणीचं, जुन्या ढोलकीवाल्याचं, खतना करणाऱ्या न्हाव्याचं. शहरातून शिकायला आलेली एक पोरगी दोन महिने इथे राहून ते करून गेली. मार्तारेजाचं बोलणंही त्यात होतं. तेव्हा त्याची छाती भरलेली असायची, चार पावलांत धाप लागायची, तरी तीन दिवस तो काठी टेकत वाचनालयात आला होता.

बू विनारसीने कपाटातून त्याची चिठ्ठी काढून वाचली. "मार्तारेजा, सिकुलुत. नारळाची झाडं, त्यांची नावं, जमिनीच्या हद्दी."

"हद्दी!" यू सानियेमने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस तिनेम? मेलेला माणूस साक्षीला आला. पाक लुराहला बोलवा, समीरुनला बोलवा. सगळ्यांसमोर लावा."

"लावू," बू विनारसी म्हणाली. यू सानियेमला ती बियुंग, म्हणजे आई, म्हणते. "पण बियुंग, नियम आहे. आधी घरच्यांनी ऐकायचं. नको वाटलं तर बंद ठेवायचा हक्क तुमचा. मीसुद्धा चिठ्ठीपुरता अर्धाच तास ऐकलाय. त्या शहरातल्या पोरीने शेवटी 'हद्दी' एवढंच लिहून ठेवलं होतं, तेच मी चिठ्ठीवर उतरवलं."

"मी कशी ऐकू? हजार दिवस व्हायचेत."

आमच्याकडे माणूस गेला की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस करतात, आणि शेवटी हजारावा. त्या दिवशी जीव सुटतो. यू सानियेमच्या माहेरी तोवर मेलेल्याचा आवाज ऐकत नाहीत. ऐकला तर तो अर्ध्या वाटेवरून मागे वळून बघतो म्हणे. तिने मार्तारेजाला हे चाळीस वर्षं ऐकवलं होतं. त्या दिवशी नऊशे सव्विसावा दिवस होता. ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची.

"मग लास्त्रीला ऐकू दे."

"बायकोने ऐकायचं नाही, तसं लेकीनेही नाही."

"निदान मी तरी ऐकते."

"तुम्ही ऐकलंत तर समीरुन म्हणेल, कापाकापी केली. एकदाच लागू दे, सगळ्यांसमोर. मी बाहेर बसेन."

आणि खरंच, समीरुनचा निरोप तसाच आला, की आधी कुणी ऐकलं तर मी मानणार नाही. बू विनारसी मला एवढंच म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही, तिनेम." मी म्हणाले, "बरं न वाटायला काय झालं? माणूस आपल्याच झाडांबद्दल बोलणार ना?" तेव्हा मला वाटलं, शिकलेली माणसं उगाच घाबरतात.

बुधवारी सकाळी दहाला सगळे जमले. पायरीवर चपला मावेनात. मी त्या जोडीजोडीने लावल्या. पाक लुराह, मोजणीची यादी करणारा कारकून, मशिदीचे इमाम, समीरुन आणि त्याची बायको वार्सी, तारसुन, आणि बघ्यांची जत्रा. यू सानियेम मागच्या अंगणात जांबाच्या झाडाखाली बसली, भिंतीकडे पाठ करून, पदराने कान झाकून. नवं लुगडं नेसली होती. मांडीवर पातेलं होतं, सगळ्यांना वाटायला कसाव्याचा उकडलेला कंद आणि खोबरं आणलं होतं तिने. जिंकणारच होती ती.

बू विनारसीने यंत्र लावलं. खरखर झाली आणि मार्तारेजा बोलू लागला. तीच धाप, तीच मधेच खाकरायची सवय.

तो एकेका झाडाचं नाव सांगू लागला. नावं त्यानेच ठेवलेली. एकाचं नाव 'सासू'. "वर चढेपर्यंत छातीत धडकी, आणि उतरल्यावर पाच जणांत तिचं कौतुक करायचं." एकाचं नाव 'पाक लुराह'. "दिसायला जाड, देतो थेंबभर." सगळे फुटले. पाक लुराहही हसला, पोट हलवत. खिडकीतून मी बघितलं, हशा ऐकून बाहेर यू सानियेमही पाठमोरी हसत होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण नवरा लोकांना हसवतोय एवढं कळत होतं.

मग यंत्रातून त्या शहरातल्या पोरीचा आवाज आला. "आणि पाटाकाठची सात, काका?"

"ती सात माझी नाहीत."

लोक परत हसले. त्यांना वाटलं, ही पुढची गंमत.

"खरंच सांगतोय पोरी. हसू नको. समीरुनच्या बापाची ती. अंदोंग मी हलवलं. शुक्रवार होता. सगळ्यांबरोबर मशिदीत गेलो, चपला पायरीवर काढल्या, हातपाय धुवायच्या हौदाकडून मागल्या दाराने निघालो आणि अनवाणी शेतात आलो. उपटलं, आठ पावलं मोजली, लावलं. माती दाबली. नमाज सुटायच्या आत परत येऊन चपला घातल्या. समीरुनच्या आईने मला पाहिलं. चुलीपाशी उभी होती. आमची नजरानजर झाली. ती बोलली ते सगळं खरं होतं. नीनी दासीरा खरं बोलत होती."

छताचा पंखा तेवढा कुरकुरत होता. त्या चपला मी पाहिल्या होत्या. मी साक्ष दिली होती. मी खोटं बोलले नव्हते, आणि तरी माझ्या तोंडून निघालेलं सगळं खोटं होतं.

यंत्र चालूच होतं. "माझ्या बायकोला ठाऊक नाही. तिने शपथ घेतली ती खरी समजून घेतली. तिला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. छातीचं तर काय, ती आता चाळण झालीय." खोकला आला, बराच वेळ. "ती हजाराव्या दिवशी हे ऐकेल. एकटी येईल, कानाला लावून ऐकेल. मग जाऊन झाडं परत करील. तिच्या जिभेला धार आहे, पण हात सरळ आहे तिचा. म्हणून तिच्यासाठी ठेवतोय हे. दुसऱ्या कुणासाठी नाही."

तेव्हा बू विनारसीने हात पुढे केला आणि यंत्र थांबवलं. फार उशीर झाला होता.

समीरुन उठला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. पायरीवर येऊन तो चपला शोधू लागला आणि त्याला आपल्याच चपला सापडेनात. समोर होत्या, मी स्वतः लावल्या होत्या. शेवटी तो तसाच अनवाणी निघाला. वार्सी त्याच्या चपला हातात घेऊन मागे धावली. ती हमसून हमसून रडत होती.

लोक एकेक करून बाहेर पडले. मागच्या अंगणाकडे बघायचं आणि मान फिरवायची. यू सानियेमने पदर कानावरून काढला. उभी राहिली. पातेलं हातात.

"झालं? काय म्हणाला?" तिने मला विचारलं.

मी वाकून अंगणातली पानं वेचायला लागले.

"तारसुन, अरे काय म्हणाला? हसलात ना सगळे? मग?"

तारसुन जमिनीवर उकिडवा बसला. रोज ती सात झाडं तोच चढायचा. त्याने दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "बियुंग, घरी चला."

"का घरी चला? पाक लुराह!" ती ओरडली. पाक लुराहने चपला पायात अडकवल्या आणि तोही गेला, तिरका तिरका. गावप्रमुख असा पळताना मी पहिल्यांदा पाहिला. एवढ्या माणसांत एकालाही तिला सांगायची हिंमत झाली नाही, मलासुद्धा नाही. पस्तीस वर्षांची शेजारीण मी.

शेवटी बू विनारसी आली आणि तिच्या हातातलं पातेलं काढून घेत म्हणाली, "तुम्हीच ऐका बियुंग. दुसऱ्या कुणी सांगण्यासारखं नाही ते."

"हजार दिवस..."

"माहीत आहे."

यू सानियेम माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, तिचा रंग उतरला. ती आत आली. हेडफोन तिने उलटे धरले, तर मी ते कानावर नीट बसवून दिले. बू विनारसीने सात झाडांपासून पुढे लावलं. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता. पहिल्यांदा तो मऊ झाला, आवाज ओळखीचा म्हणून. मग भुवया वर गेल्या. मग काही नाही. भिंतीसारखा झाला. एकदा तिने ओठ हलवले, 'चपला' म्हणाली असावी.

आम्हाला वाटलं, झालं आता. बू विनारसी यंत्राकडे वाकली. यू सानियेमने तिचा हात धरला. अजून काही होतं. सगळ्यांसमोर जिथे थांबवलं होतं त्याच्या पुढचं. एकाएकी तिने हेडफोन ओरबाडून काढले, टेबलावर टाकले आणि तोंडात पदर कोंबला.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. मी कान लावला. दूरचा, बाहेरून आलेला बाईचा आवाज होता. ठसठशीत, मजेतला. यू सानियेमचा. बोलणं भरलं त्या दिवशी ती नवऱ्याला न्यायला आली होती आणि पायरीपाशी कुणाला तरी सांगत होती, "आहेत, आहेत, आतच आहेत! चपला आहेत की पायरीवर!"

मग मार्तारेजाचा आवाज, अगदी हळू. "बंद कर, पोरी."

त्या दिवशी दुपारची नीरा आली ती कुणी आटवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराची कढई थंड राहिली. अंगणभर आंबूस वास सुटला. यू सानियेम चुलीमागच्या भिंतीसमोर बसून कोळशाच्या रेघा बघत होती. मी भात नेला तर म्हणाली, "मला एकटीला ऐकायचं होतं ते तिनेम. त्याने माझ्यासाठी ठेवलं होतं. मीच जत्रा भरवली." आणि थोड्या वेळाने, "म्हातारी काट्यांतून जायची गं. पायात रक्त यायचं तिच्या."

रागाने म्हणून तिने नवऱ्याला एक शिवीही दिली नाही. ते बघून माझाच जीव घाबरा झाला. मी मात्र मार्तारेजाला मनात पुष्कळ दिल्या. स्वतः हसत मेला आणि उचलायचं ओझं बायकोच्या डोक्यावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने तारसुनला सांगितलं, "पाटाकाठची सात आधी उतरव. दुसऱ्या झाडांची नीरा त्यात मिसळू नको."

"आणि आपली कढई?" लास्त्रीने विचारलं. तिचा धाकटा कडेवर होता.

"आपल्या एकवीस झाडांची जेवढी होईल तेवढी."

"बियुंग, या दिवसांत एकवीस झाडांवर..."

"माहीत आहे मला किती होईल ते!" ती ओरडली आणि लगेच नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला.

सात नळकांडी तिने स्वतः कावडीला अडकवली. बासष्ट वर्षांची बाई. मी हात लावायला गेले तर नको म्हणाली. मुख्य वाटेने गेली नाही. बांधावरून, काट्यांतून गेली, म्हातारी जायची त्या वाटेने. मी मागून चालले.

समीरुनच्या दारात वार्सी उभी होती. समीरुन आत कोयत्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

यू सानियेमने कावड खाली ठेवली. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी आल्या. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चपला माझ्या नवऱ्याच्या होत्या. माणूस आत नव्हता. दासीरा खरं बोलत होती."

बावीस वर्षं पोरं जे विचारत होती त्याचं हे उत्तर. वार्सी नवऱ्याकडे बघायला लागली. समीरुन कोयता घासतच राहिला, त्याच त्या जागी, धार केव्हाच लागून गेली होती.

"घेत नाही आम्ही," वार्सी म्हणाली. "सासूबाई गेल्यावर आता काय करायची ही?"

"नको घेऊ," यू सानियेम म्हणाली. "पण ऊन चढतंय गं. आंबेल."

नळकांड्यांच्या तोंडाशी फेस यायला लागला होता. गूळ करणारी बाई काहीही सहन करील, पण डोळ्यांसमोर नीरा वाया गेलेली बघणार नाही. वार्सीने दोन क्षण तिच्याकडे रागाने पाहिलं. मग पदर खोचला, वाकली आणि पहिलं नळकांडं उचलून आत गेली. कढईत धार पडल्याचा आवाज आला. यू सानियेम उंबऱ्याबाहेर बसून राहिली. आत कुणी बोलावलं नाही, आणि तिने वाटही पाहिली नाही.

समीरुन उठून बाहेर आला तेव्हा सातही नळकांडी रिकामी झाली होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आईचं नाव घेतलं त्याने. सगळ्यांसमोर. तेवढंच परत ऐकायला मिळेल का?"

"ते बू विनारसीला विचारायला हवं," मी म्हणाले. "आणि हिला."

मोजणीच्या दिवशी अंदोंग जुन्या जागी होतं. त्याच्या बाजूची माती ओली होती. यू सानियेमने आदल्या दिवशी स्वतः खणून ते हलवलं, आठ पावलं मोजून. समीरुनने सही केली. तारसुनने हल्ली दुसऱ्याची बारा झाडं अर्धेलीने घेतलीत, दूर डोंगराच्या अंगाला. तिथवर जाऊन-येऊन त्याच्या टाचा फुटल्यात. सासूशी तो महिनाभर बोलला नाही, आणि मला त्याचं चूक वाटत नाही.

बू विनारसीने कागद पुढे केला. बोलणं बंद ठेवायचं की सगळ्यांना उघडं, ते घरच्यांनी ठरवायचं.

"उघडं म्हणजे कोणीही ऐकणार?" यू सानियेमने विचारलं.

"कोणीही."

"समीरुनची नातवंडं?"

"तीही. पुढे तुमची पण."

यू सानियेमने अंगठा शाईत बुडवला. कढईने भाजून भाजून तिच्या अंगठ्यावर रेघा उरलेल्या नाहीत. कागदावर नुसता निळा डाग उमटला. दुसऱ्यांदा तेच. बू विनारसी म्हणाली, अशा वेळी साक्षीदाराची सही लागते. मी पुढे झाले आणि थबकले. माझी साक्ष एकदा झाली होती. तेव्हा पुस्तकांच्या फळीपाशी उभा असलेला समीरुन आला, त्याने पेन घेतलं आणि सावकाश आपलं नाव लिहिलं.

आता तो शुक्रवारी नमाज सुटली की येतो. बू विनारसी त्याला एकच वाक्य लावून देते. तो ते ऐकतो, हेडफोन लुंगीच्या टोकाने पुसून ठेवतो आणि जातो. यू सानियेम हजाराव्या दिवशी, जेवणावळ उरकल्यावर आली. आता अधूनमधून येते. झाडांच्या नावांपर्यंत ऐकते. 'सासू'पाशी कधी कधी तिला हसू फुटतं. त्यापुढचं लावू का म्हटलं तर मान हलवते.

एक मात्र झालंय. ती चपला पायरीवर काढत नाही. काढून हातात घेते, आत आणते आणि मांडीपाशी जमिनीवर ठेवते. बू विनारसी फरशीच्या बाबतीत फार कडक आहे, पण तिला ती काही बोलत नाही. मीही माती दिसली तर गुपचूप पुसून घेते. आणि बाहेरून कुणी विचारलं, "तिनेम, आत कोण आहे गं?" तर पायरीकडे बघत नाही. "थांब," म्हणते, आणि दारातून आत डोकावून येते.